थोरल्याकडं चाळीस

मलकापूर, ता. शाहूवाडी
श्रावण, मंगळवार रात्र

चि. बाळूस,


फोनवर तू ‘हो मामा, बघतो मामा’ म्हणून मोकळा होतोस आणि मी रागाच्या भरात नको ते बोलून बसतो. म्हणून पत्र लिहितोय. सवडीनं वाच, पण पुरतं वाच.

परवा बाजारादिवशी पेठेतल्या शेजाऱ्यांचा पोरगा दुकानात टेकला होता, तुझ्याबरोबर पुण्यात असतो तोच. आंब्याच्या घाटाकडून पाऊस असा लागला होता की रस्त्यापलीकडचं दुकान दिसेना. चहा पिता पिता तो सहज म्हणाला, बाळू होम थिएटरचा रिसीव्हर घेतोय, ७२,००० चा ३९,००० ला, पंधरा ऑगस्टच्या सवलतीत, १२ हप्त्यांवर. मी म्हटलं, बरं आहे. मग जरा थांबून म्हणाला, ‘पण मामा, घरी सांगू नका म्हणालाय.’

रिसीव्हरचं ऐकून मला काहीच वाटलं नव्हतं. त्या शेवटच्या वाक्यानं झोप गेली.

सूनबाईला सहावा महिना आहे. फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता सुरू होऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. तुझ्या आईनं पेन्शनीतून पाळण्याचे पैसे बाजूला काढलेत आणि ते तुला कळू नये म्हणून किती धडपडतेय, हे मला ठाऊक आहे. आणि तू तिकडं गुपचूप हप्ते बांधायला निघालास? बाळू, सूनबाईला सांगितलंयस का? बाकी सगळं नंतर बोलू. आधी याचं उत्तर मनाशी दे.

आता मशीनचं. यात मला बोलायचा अधिकार आहे, चाळीस वर्षं सोल्डरचा धूर खाल्लाय.

एखादी वस्तू निम्म्या भावात निघते तेव्हा दुकानदार कुठला तरी खर्च टाळत असतो. तो कुठला, ते आपण शोधायचं. बहुतेक वेळा कारण साधं असतं. नवं मॉडेल आलेलं असतं आणि जुनं गोदामात जागा अडवून बसलेलं असतं. तसं असेल तर भिऊ नकोस. जुन्याला एचडीएमआय २.० असेल, नव्याला २.१ असेल. तुला सिनेमेच बघायचे आहेत, वेगवान गेम खेळायचे नाहीत, तर २.० नं तुझं काही अडत नाही. फक्त टीव्हीतल्या ॲपचा आवाज रिसीव्हरला न्यायचा असेल, तर दोन्हीकडच्या सॉकेटवर ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलंय का ते बघ. दुसरं कारण असं, की माल शोरूममध्ये मांडलेला असतो, दिवसाचे दहा तास चालू राहिलेला. रिसीव्हर तापतो. वर्षभर तापलेल्या मशीनचे कपॅसिटर आतून वाळत आलेले असतात, बाहेरून पत्रा चकचकीत दिसतो. आणि तिसरं कारण वाईट. माल परदेशातून आडवाटेनं आलेला असतो. मागच्या पत्र्यावर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलंय का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाच. अमेरिकेतला माल १२० व्होल्टचा असतो. तो आपल्या भिंतीत थेट लावला तर पहिल्याच दिवशी धूर निघेल, आणि वॉरंटीला इथं कोणी दाद देणार नाही.

वॉरंटीवरून आठवलं. ऑन्क्यो ही जपानची १९४६ सालची कंपनी. रिसीव्हर म्हटलं की जाणकार ते नाव आदरानं घ्यायचे. मे २०२२ मध्ये तिनं दिवाळं जाहीर केलं. नाव पुढं दुसऱ्यांनी चालवलं, ते आजही चालू आहे. पण तुझ्यासारख्या माणसानं यातून एवढं घ्यावं, की खोक्यावरच्या नावापेक्षा पुण्यात दुरुस्ती कोण करतो आणि सुटे भाग कुठून आणतो ते आधी विचारावं.

खोक्यावरच्या वॅटांना भुलू नकोस. सातशे, हजार असे आकडे छापतात. ते सगळ्या चॅनेलची बेरीज करून, सहा ओहमवर, एकच चॅनेल चालवून, एकाच सुरावर, आवाज फाटेपर्यंत मोजलेले असतात. माहितीपत्रकात बारीक अक्षरात खरी ओळ असते: दोन चॅनेल एकदम चालू, ८ ओहम, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत. तिथं ८० वॅट लिहिलेले असतील तर तुझ्या खोलीला ते भरपूर झाले. वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबल वाढतो, कानाला ‘जरा मोठा झाला’ एवढंच कळतं.

आणि मुख्य गोष्ट अशी, की रिसीव्हर म्हणजे मुकादम. उसात कोयता चालवणारी टोळी वेगळी असते. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, ती तुझी टोळी. तुझ्याकडं आज काय आहे? कॉलेजात घेतलेले दोन डबे. म्हणजे ३९,००० देऊन तू नुसता मुकादम घरी आणणार आणि टोळीसाठी पुन्हा उचल घेणार. चांगली टोळी बहुतेक वेळा मुकादमापेक्षा महाग पडते. एका हप्त्याच्या पोटात दुसरा हप्ता असतो तो असा.

बिनव्याजी हप्ता म्हणतात त्याचंही ऐक. रिझर्व्ह बँकेनंच २०१३ साली बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, ते व्याज प्रक्रिया शुल्कात नाहीतर किमतीत मुरवलेलं असतं. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो वेगळाच. दुकानात जाऊन नुसतं विचार, ‘रोख दिले तर किती?’ जो फरक सांगतील ते तुझं व्याज. तो आकडा कागदावर लिही आणि सूनबाईला दाखव.

पुन्हा तिथंच आलो. काय करू, मन तिथंच जातंय. का जातंय ते आजवर तुला सांगितलेलं नाही.

१९८७ च्या नवरात्रातली गोष्ट. मी चोवीस वर्षांचा होतो, पेठेतल्या दुकानात रेडिओ दुरुस्तीला बसायचो. कोल्हापुरात एका दुकानानं माल काढायला घेतलाय असं कळलं. आठवड्यात दोनदा एस.टी.नं जाऊन नुसता काचेतून बघून आलो. लाकडी पेटीतला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि कमरेएवढे दोन स्पीकर, २,८०० रुपयांना. माझ्याकडं ८०० होते. बाकीचे २,००० एकाकडून हातउसने घेतले. आणि बाबांना सांगितलं, सगळं मिळून ८०० ला पडलं.

घरी तेव्हा दोन म्हशी होत्या. दूध डेअरीला जायचं, दर दहा दिवसांनी बिल व्हायचं आणि ते आणायला मी जायचो. त्या बिलातले चाळीस रुपये मी काढून घेऊ लागलो. बाबांना सांगायचो, या खेपेला फॅट कमी लागली. ते म्हणायचे, ‘पावसाची वैरण ओली असतीय, लागायची कमी.’ हिवाळा आला तरी मी फॅटच सांगत राहिलो आणि ते मान डोलवत राहिले.

तो ॲम्प्लिफायर पहिल्याच पावसाळ्यात बसला. आपल्याकडची ओल तुला माहीत आहे, भिंतीला हात लावला तर ओला होतो. आधी व्हॉल्यूमचा कंट्रोल खरखरायला लागला, मग उजव्या चॅनेलचा २एन३०५५ ट्रान्झिस्टर उडाला. परत घेऊन गेलो तर दुकानदार म्हणाला, पक्कं बिल कुठंय? सवलतीच्या नादात मी बिलच घेतलं नव्हतं. ट्रान्झिस्टर मीच बदलला. पुढं तो वाजलाही चांगला. पण मला तो मोकळेपणानं कधी ऐकता आला नाही. गाणं लागलं की मला डेअरीची पावती दिसायची.

तुझी आई जून १९८८ मध्ये दहावी पास झाली. पास झाल्यावर घड्याळ देईन, असं बाबांनी तिला कबूल केलं होतं. निकाल लागला, पेढे वाटले आणि घड्याळ आलं नाही. ती काही बोलली नाही. अकरावीला कॉलेजात निघाली की ओसरीवरून मला विचारायची, ‘दादा, किती वाजले?’ आणि मी माझ्या मनगटावरचं बघून सांगायचो.

बाबा गेले त्यानंतर त्यांची ट्रंक उघडली. दुधाच्या वह्या होत्या, तांबड्या पुठ्ठ्याच्या. रोजचं दूध किती, फॅट किती, दहा दिवसांचं बिल किती व्हायला पाहिजे, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. १९८७ च्या कार्तिकापासून दर दहा दिवसांनी बेरजेखाली एक ओळ होती. ‘थोरल्याकडं ४०.’ पानामागून पान, तीच ओळ. फेब्रुवारी १९८९ मध्ये एकदा मी सगळं बिल हातात दिलं, त्या तारखेखाली एकच शब्द होता. ‘फिटलं.’ आणि त्याच पाडव्याला त्यांनी तुझ्या आईला एचएमटीचं घड्याळ आणलं होतं.

त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पन्नास वेळा मी त्यांच्या तोंडावर फॅट कमी लागली म्हणालो आणि पन्नास वेळा त्यांनी वैरणीवर ढकललं. एकदा तरी रागावले असते तर बरं झालं असतं. मी एकदा तरी बोललो असतो तर ते नक्की म्हणाले असते, ‘घे की, चार महिन्यांनी घे, आधी पोरीचं घड्याळ होऊ दे.’ घरातली माणसं नाही म्हणतील या भीतीनं आपण लपवतो. ती बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत रे.

तुझ्या आईला ही वही मी अजून दाखवलेली नाही. आता दाखवीन.

खूप बोललो तुला. एवढं बोलायचं नव्हतं. हे वेड तू कुठून घेतलंस ते का मला कळत नाही? सात-आठ वर्षांचा होतास, मे महिन्यात आजोळी आलास की दिवसभर दुकानात बसायचास. दोन स्पीकरांच्या मधोमध पोतं टाकून डोळे मिटून बसायचास आणि एकदा म्हणालास, ‘मामा, हा डावीकडचा आजारी आहे.’ मी हसण्यावारी नेलं. संध्याकाळी उघडून बघितलं तर कॉइल घासत होती. असा कान देवानं सगळ्यांना दिलेला नसतो. त्या दिवशी मला किती आनंद झाला होता, हेही तुला कधी सांगितलं नाही.

म्हणून तुला मी ‘घेऊ नकोस’ म्हणणार नाही. प्रभातनं १९३२ साली आपल्या कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ काढला, पहिला मराठी बोलपट. तेव्हा आवाज एकाच वाटेनं यायचा आणि त्यावर माणसं ढसाढसा रडायची. त्यामुळं एका स्पीकरमध्ये जीव नसतो असं मी मानत नाही. पण चारी बाजूंनी येणारा आवाज मीही थिएटरात ऐकलाय. पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि मी खुर्चीवर बसल्या बसल्या वर बघितलं होतं. तो पाऊस तुला घरात हवा, यात गैर काही नाही.

फक्त एवढं कर. या सवलतीत नको. अशी सवलत दसऱ्याला येते, दिवाळीला येते, सव्वीस जानेवारीलाही येते. तोवर महिन्याला हप्त्याएवढी रक्कम बाजूला टाकून बघ, जमतंय का. जमलं तर रोखीनं घे. आधी दोन चांगले स्पीकर घे आणि एक मधला, कारण सिनेमातलं बोलणं बहुतेक मधल्यातूनच येतं. मागचे दोन पुढच्या वर्षी. सबवूफरला सगळ्यात शेवटी हात घाल. त्याची धडक स्लॅबमधून वरच्या-खालच्या घरात जाते, रात्री दहानंतर शेजारी दार वाजवतील ते हक्कानं. रिसीव्हर बंद कपाटात कोंबू नकोस, वर हातभर जागा मोकळी सोड. आणि बिल शिक्क्यासकट घे.

बाळ येईल तेव्हा त्या खोलीत आधी पाळणा लागू दे. पाळणा कुठं, स्पीकर कुठं, हे सूनबाईला ठरवू दे. तिनं ठरवलेली जागा तुला पुढं कधी बदलावी लागणार नाही.

तार विकत घेऊ नकोस. माझ्याकडं तांब्याची दोनपदरी ४०/३६ ची तार आहे, जवळजवळ अख्खं बंडल, तुझ्या खोलीला पुरून उरेल. मी स्वतः घेऊन येईन आणि जोडून देईन. आता डोळ्यांना बारीक दिसत नाही, प्लस-मायनस तू बघ, पेच मी आवळतो.

पाऊस अजून थांबलेला नाही. मामी म्हणते, त्याला फार लागेल असं लिहू नका. लागलं असेल तर माझं चुकलं असं समज आणि ये एकदा, घावणं करायला सांगतो.

हे पत्र वाचून झालं की सूनबाईच्या हातात दे.

तुझा,
मामा