‘घरात काही नव्हतं हो डॉक्टर’

दवाखान्यात माझा एक ठरलेला प्रश्न असतो. रक्तदाब पाहून झाला की मी विचारते, “काल रात्री काय जेवलात?” पावसाची झड लागली आणि बाजारात पालेभाजीची जुडी परवडेनाशी झाली की बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं, “घरात काही नव्हतं हो डॉक्टर. भात टाकला आणि बटाट्याच्या काचऱ्या केल्या.” कुणी पोहे सांगतं, कुणी पाकिटातल्या झटपट शेवया, कुणी नुसती चहा-पोळी.

मग मी पुढचं विचारते. डब्यात डाळ होती का? होती. बेसन? होतं. शेंगदाणे? ते असतातच. म्हणजे घरात काही नव्हतं असं नाही, भाजी नव्हती. आपण ‘भाजी नाही’ला ‘काही नाही’ म्हणतो आणि त्या रात्री अख्ख्या घराच्या पोटात फक्त पिष्ट जातं. महिन्यातून एखाद्या वेळी झालं तर बिघडत नाही. आठवड्यातून चार वेळा झालं की पुढे मला ते रक्ताच्या तपासणीत दिसतं.

आपल्याकडे ताट वाढताना डावं-उजवं पाहतात. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी आणि मध्ये भात किंवा पोळी-भाकरी. रोज कुणाच्या घरी असं साग्रसंगीत वाढलं जात नाही आणि वाढावं असंही माझं म्हणणं नाही. पण त्या जागा मनात ठेवल्या तर घरात असेल त्यातून स्वयंपाक करणं फार सोपं होतं. मधली जागा कधीच रिकामी पडत नाही, कारण तांदूळ, गहू, ज्वारी यांपैकी काहीतरी घरात असतंच. रिकामी पडते ती आमटी-उसळीची जागा आणि डावीकडची आंबट-हिरवी जागा. तेव्हा एखादा जिन्नस संपला असेल तर त्याच जागेवर काम करणारा दुसरा शोधायचा. तूरडाळ संपली तर मूग, मसूर, चवळी, कुळीथ, बेसन, अंडं, सुकट यांतलं काहीही चालेल. मेथी नाही, तर मुळ्याचा किंवा फ्लॉवरचा कोवळा पाला चालेल. मेथीच्या जागी बटाटा मात्र चालत नाही. बटाट्याला आपण भाजी म्हणत असलो, तरी पोटात गेल्यावर तो भाताच्याच पंगतीला बसतो. साबुदाण्याचं तसंच. त्यात जो काही कस आहे, तो आपण घालतो त्या दाण्याच्या कुटाचा.

डाळीच्या जागेबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण मला खरी काळजी तिचीच वाटते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला २००० कॅलरींचं जे ताट सुचवलं आहे, त्यात डाळी आणि कडधान्यं मिळून ८५ ग्रॅम धरली आहेत, तीही कोरडी. मांसाहार करणाऱ्यांनी त्यातला काही भाग अंडी, मासे, मटण यांतून घेतला तरी चालतो. मी माझ्या घरची आमटीची वाटी डाळीने भरून वजनकाट्यावर ठेवून पाहिली, तर १२० ग्रॅम भरली. अशी एक वाटी डाळ आमच्याकडे चौघांना, दोन्ही वेळच्या आमटीला मिळून लावली जात असे. म्हणजे माणशी ३० ग्रॅम. त्या दिवसापासून मी दीड वाटी लावते आणि दुसऱ्या वेळी उसळ किंवा पिठलं करते. तुम्हीही एकदा आपली वाटी तोलून पाहा.

प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलो वजनाच्या बाईला ४१-४२ ग्रॅम. ती सगळी डाळीतूनच यायला हवीत असं नाही, शंभर ग्रॅम ज्वारीतही दहाएक ग्रॅम असतात. पण धान्यातल्या प्रथिनांत लायसिन कमी पडतं, डाळीतल्या प्रथिनांत मेथिओनिन. दोन्ही एका दिवसात पोटात गेली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरण-भात, पिठलं-भाकरी, खिचडी, थालीपीठ या जोड्या आपल्याकडे टिकून आहेत, त्या म्हणूनच मला मोलाच्या वाटतात. खानदेशातली कळण्याची भाकरी पाहा. ज्वारीबरोबर उडीद दळलेले असतात, त्यामुळे एखाद्या रात्री आमटी नसली आणि नुसती चटणी, कांदा, तेल घेतलं तरी डाळ भाकरीतूनच पोटात जाते. कोकणात कुळथाची पिठी पंधरा मिनिटांत होते. देशावर शेंगोळ्या आहेत, विदर्भात गोळाभात, गोव्यात आळसांद्यांचं तोणाक. भाजी न आणताही पोटभर आणि कसदार जेवता येतं, हे या सगळ्या पदार्थांना ठाऊक आहे. परदेशी राहणाऱ्या लेकी-सुनांनाही मी हेच सांगते. भाजणी मिळत नसेल तर तिथली गव्हाची जाडी कणीक आणि मसुराचं पीठ घ्या, त्याचं थालीपीठ उत्तम लागतं.

आपल्या घरांत एक युक्ती पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. कस वाढवणारी इतकी सोपी गोष्ट मला दुसरी माहीत नाही. ती म्हणजे पीठ पेरणं. मुळा आणला की पाला टोपलीत जातो आणि टोपली कचऱ्यात. तो ठेवा. पिवळी पानं काढून तीन पाण्यांतून धुवा, बारीक चिरा. लोखंडी कढईत तेल तापवून मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, मिरची, हळद घाला. पाला टाकल्यावर पहिली पाच मिनिटं झाकण ठेवू नका, म्हणजे उग्र वास उडून जातो. पाला बसला, त्याला पाणी सुटलं की मीठ घाला. मग एका हाताने बेसन भुरभुरवायचं आणि दुसऱ्या हाताने उलथनं फिरवत राहायचं. चौघांच्या भाजीला पाऊण वाटी बेसन सहज लागतं. कडेने चमचाभर तेल सोडून, झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं. बेसनाचा कच्चा वास गेला आणि खालून खरपूस लागल्याचा वास आला की उतरवा. अशा एका भाजीतून घरातल्या प्रत्येकाला सुमारे पाच ग्रॅम प्रथिनं मिळतात. आणि ज्या पाल्याला ते बेसन पेरलं, तो फेकला जाणार होता.

ढोबळी मिरची, कांद्याची पात, शेपू यांनाही असंच पीठ पेरता येतं. कोबी थोडाच असेल तर त्यात मूठभर भिजवलेली मूगडाळ घाला, दुधीत चणाडाळ. पालक एकच जुडी असेल तर डाळ-शेंगदाणे घालून पातळ भाजी करा, सहा माणसांना पुरते. दुधी चिरण्याआधी मात्र त्याची फोड चाखून पाहा. कडू लागला तर तो पूर्ण टाकून द्या, साखर-मसाल्याने कडूपणा झाकू नका. कडू दुधीने उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन माणसं अत्यवस्थ झालेली आहेत. हिरवट पडलेला बटाटा आणि बुरशीचा वास येणारे शेंगदाणे यांचंही तेच. असेल त्यात भागवायचं म्हणजे खराब झालेलंही वापरायचं असं नव्हे.

डावीकडच्या जागेवर किमान लिंबाची फोड तरी हवी. पालेभाजी, डाळ, बाजरी यांतलं लोह शरीर सहजी शोषून घेत नाही. त्याच घासात क जीवनसत्त्व असलं तर ते जास्त शोषलं जातं. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होतं, म्हणून लिंबू पानात पिळा, उकळत्या भांड्यात नको. लिंबू महाग असेल तेव्हा पेरू, आवळा, कच्चा कोबी, वरून भरपूर कोथिंबीर, टोमॅटोची कोशिंबीर यांतलं काहीही चालेल. आमसूल, चिंच यांचा आंबटपणा चवीला छान, पण क जीवनसत्त्वासाठी त्यांच्यावर विसंबू नका. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवय असेल तर तो तासभर पुढे ढकला. चहातली द्रव्यं त्याच लोहाला अडवतात.

आणि भाजी नसेल त्या दिवशी पापड-लोणच्यावर जेवण निभावू नका. दिवसभराचं मीठ माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लहान चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन पापड, लोणच्याची मोठी फोड आणि पाकिटातला मसाला यांत त्याचा मोठा वाटा संपतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं.

उरलेल्या अन्नाबद्दल तुम्ही बऱ्याच जणांनी विचारलं आहे. उरलेल्या वरणात कणीक भिजवून धपाटी करा. पोळीचा कुस्करा करताना मोडाची मटकी वाफवून घाला, वर दही घ्या. भाताबाबत मात्र सांभाळा. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजला तरी मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष सकाळी कितीही चरचरीत फोडणी दिली तरी नष्ट होत नाही. तेव्हा भात उरला तर पसरट ताटात काढून लवकर निववा, दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी एकदाच, वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. फ्रिज नसेल तर बेताचाच भात लावा. मोड आलेलं कडधान्य दमट हवेत लवकर चिकट होतं. हाताला बुळबुळीत लागलं, आंबूस वास आला, तर वापरू नका.

बाळासाठी वेगळा स्वयंपाक लागत नाही. सहा महिने पूर्ण झाल्यावर घरच्याच खिचडीतून तिखट-मीठ घालण्याआधी त्याचा वाटा बाजूला काढा, मऊ कुस्करा, वर तूप किंवा तेल घाला. अजूनही कितीतरी घरांत बाळाला वरणाचं नुसतं वरचं पाणी पाजतात. कृपा करून तसं करू नका. इवलंसं पोट पाण्याने भरतं आणि डाळ भांड्यात राहते. घास इतका दाट हवा की चमचा कलता केला तरी तो ओघळू नये. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नका, घशात अडकतात. कूट द्या.

मधुमेह असलेल्यांनी याच जेवणात भात अर्धा आणि उसळ दुप्पट घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डाळ किंवा पालेभाजी आपल्या मनाने वाढवू नये, त्यांचं प्रथिनांचं आणि पोटॅशियमचं गणित वेगळं असतं. वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाजीचं प्रमाण अचानक वाढवू किंवा थांबवू नका. दोघांनीही आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

आता एका बाईंबद्दल सांगायचं आहे. त्या घरोघरी पोळ्या करायला जातात. गेल्या वर्षी धाप लागते म्हणून आल्या. हिमोग्लोबिन ८.६. बायकांचं ते १२ च्या खाली असू नये. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांच्या रक्तात ते कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे, त्यामुळे आकड्याचं मला नवल वाटलं नाही. मी नेहमीचा प्रश्न विचारला. आमटी-भात, म्हणाल्या. रोज? रोज. मला वाटलं, डाळ तर पोटात जाते आहे. मग त्यांनी सांगितलं, घरात सहा माणसं. कुणी अवचित जेवायला आलं किंवा डाळ संपत आली की त्या आमटीत तांब्याभर पाणी वाढवतात. पोरांना पळीने तळापासून ढवळून वाढतात, मग नवरा, मग सासू-सासरे. शेवटी त्या बसतात तेव्हा भांड्यात हळदीच्या रंगाचं पाणी असतं. त्यात त्या भात कालवतात.

आहे त्यात भागवायचं काम घरातली एकच व्यक्ती करत असते आणि कमी पडलेलं तिच्याच पानातून वजा होतं. मी त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या. इतकं कमी हिमोग्लोबिन केवळ आहाराने भरून येत नाही, वाचकांनीही तसा प्रयत्न करू नये. गोळ्यांबरोबर दोनच गोष्टी सांगितल्या, डाळीत मूठभर मसूर वाढवा आणि वाढण्याचा क्रम बदला.

तीन महिन्यांनी त्या आल्या. हिमोग्लोबिन ११.१ झालं होतं. जिना चढताना आता थांबावं लागत नाही, म्हणाल्या. मी विचारलं, काल काय जेवलात? “आमटी-भातच. पण फोडणी बसली की पहिली वाटी माझी भरते आणि फडताळात झाकून ठेवते. मग पाहुणे आले तर घालते पाणी.”