चित्रपटाचे मध्यंतर व ते पाळणारे यंत्र

कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांच्या कपाळी बुक्का लागतो, गळ्यात हार पडतो, श्रोते नामघोष करितात आणि मग उत्तररंगास आरंभ होतो. संगीत नाटकात अंक संपला की पडदा पडतो. या दोन्ही ठिकाणी विसावा कोठे घ्यावयाचा हे कथा सांगणाराच ठरवितो. चित्रपटगृहातील मध्यंतर मात्र आता पुष्कळ ठिकाणी एक यंत्र पाळते. आणि ते यंत्र कथा ऐकत नाही, केवळ चित्रे मोजते. अशा यंत्रास योग्य जागी थांबावयास व योग्य रीतीने पुन्हा चालावयास कसे शिकवावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम पूर्वस्थिती पाहू. 35 मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या एका फुटात 16 चित्रे मावतात, व बोलपटात दर सेकंदास 24 चित्रे पडद्यावर येतात. म्हणजे मिनिटास 90 फूट फिल्म खर्ची पडते, आणि 1000 फुटांचे रीळ 11 मिनिटांत संपते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईस कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, तो 3700 फुटांचा, चार रिळांचा होता. जत्रेतील ज्या तंबूत एकच यंत्र असे तेथे रीळ बदलण्यासाठी खेळ थांबविणे भागच पडे. पुढे दोन यंत्रे जोडीने आली. मग ऑपरेटर पडद्याच्या उजव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे डोळे लावून बसे. रीळ संपावयास सुमारे 8 सेकंद उरली की तेथे एक ठिपका चमके, तेव्हा दुसरे यंत्र फिरू लागे. अगदी अखेरीस दुसरा ठिपका दिसताच प्रकाश एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाई. मध्यंतराची पाटी आली की झडप पाडणे, दिवे लावणे हेही त्याच्याच हातचे काम. त्या कोंदट, तापलेल्या खोलीतील माणसाने चित्रपट इतक्या वेळा पाहिलेला असे की त्यास चुकावयास जागा क्वचितच राही.

इ.स. 2005 साली अमेरिकेतील मोठ्या चित्रसंस्थांनी मिळून डिजिटल चित्रपटाची नियमावली प्रसिद्ध केली. तीनुसार चित्रपट रिळांच्या पेट्यांतून न येता फायलींच्या रूपाने येतो. चित्रांची फाईल निराळी, ध्वनीची निराळी, आणि कोणते केव्हा चालवावयाचे ते सांगणारी एक यादी. हिला सीपीएल म्हणतात. फायली बहुधा कुलूपबंद असतात व त्यांची किल्ली ठरावीक यंत्रापुरती, ठरावीक मुदतीपुरतीच मिळते. यादीवर ती तयार करणाऱ्याची डिजिटल सही असते. तात्पर्य, चित्रगृहवाल्यास मूळ चित्रपटात कात्री चालविता येत नाही. मग मध्यंतर घालावयाचे कोठे?

ते घालावयाचे चित्रगृहाच्या स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये. जाहिराती, आगामी चित्रांचे नमुने व मुख्य चित्रपट यांचा क्रम या प्लेलिस्टमध्ये लावतात आणि मध्ये मध्ये ‘क्यू’ म्हणजे आज्ञा पेरतात. सोलापूरच्या विद्यार्थ्यांस हे समजावयास अवघड जाऊ नये. आपल्या चादरीवरील मोर व फुले ज्या जकार्ड यंत्राने उठतात, त्याच्या मूळ रचनेत भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. ज्या जागी भोक, तो ताण्याचा धागा वर उचलला जातो. माग मोर ओळखत नाही; तो केवळ भोक ओळखतो. तद्वत सर्व्हर कथा ओळखत नाही, अमुक क्षणी अमुक आज्ञा एवढेच ओळखतो. भोक चुकीच्या जागी पडले तर मोराची मान प्रत्येक चादरीवर वाकडी उतरते, आणि क्यू चुकला तर मध्यंतर प्रत्येक खेळास चुकते. एकाच आवारात अनेक पडदे असले, आणि भागवत यांच्या चित्रगृहांमुळे अशी रचना सोलापूरकरांस सुपरिचित आहे, तर प्रत्येक पडद्यामागे एक माणूस बसविणे परवडत नाही. म्हणून या आज्ञा अगोदर लिहून ठेवण्याची गरज.

आता गणित. समजा, चित्रपटाच्या आरंभापासून 1 तास 12 मिनिटे 30 सेकंदांनी थांबावयाचे आहे. ही 4350 सेकंदे झाली. 24 ने गुणिता 1,04,400 वे चित्र येते. हे अंतर मुख्य चित्रपटाच्या पहिल्या चित्रापासून मोजावे, खेळाच्या आरंभापासून नव्हे. कारण रात्रीच्या खेळास दोन मिनिटांच्या जाहिराती कमी झाल्या की खेळाच्या आरंभापासून मोजलेले मध्यंतर कथेत दोन मिनिटे पुढे सरकेल, आणि नायिकेच्या अर्ध्या वाक्यावर दिवे लागतील. मध्यंतराच्या पहिल्या चित्राची खूण मूळ यादीतच करून ठेवण्याची सोय नियमांत आहे. परंतु ती सर्वच चित्रपटांत केलेली नसते.

थांबविणे त्यामानाने सोपे. आवाज हळूहळू उतरवावा, दिवे एकदम न लावता चढते ठेवावे, झडप मिटावी, चित्र थांबवावे. प्रोजेक्टरात झेनॉनचा दिवा असेल तर तो मात्र विझवू नये. प्रत्येक वेळी नव्याने पेटविताना त्याचे आयुष्य कमी होते, म्हणून झडपेआड जळता ठेवणेच किफायतशीर.

खरी परीक्षा पुन्हा सुरू करतानाच असते. मध्यंतरात जाहिराती दाखविल्या, आणि त्या ‘फ्लॅट’ म्हणजे 1998 गुणिले 1080 बिंदूंच्या चौकटीत असल्या, तर भिंग व पडद्याच्या कडा त्या मापास वळतात. मुख्य चित्रपट ‘स्कोप’ म्हणजे 2048 गुणिले 858 बिंदूंचा असेल तर परतताना ते माप पुन्हा मागावे लागते. आरंभी एकदा सांगितले म्हणजे झाले असे समजणाऱ्याचा उत्तरार्ध भलत्याच मापाने पडद्यावर पडतो. आवाजाचेही तेच: जाहिरातींसाठी उतरविलेला आवाज परत चढविण्याची आज्ञा राहिली तर प्रेक्षक अर्धा तास कान टवकारून बसतात आणि दोष ध्वनिमुद्रकास देतात. शिवाय चित्रपट थांबला तेथूनच न उचलता पाच-दहा सेकंदे मागून उचलावा. चहाचा पेला हातात घेऊन अंधारात जागा शोधणाऱ्यास तेवढी सवलत द्यावयास हवी.

राहिला प्रश्न जागेचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. हिंदी-मराठी चित्रपटांत बहुधा दिग्दर्शकच मध्यंतराची पाटी घालतो. ‘संगम’ (1964) व ‘मेरा नाम जोकर’ (1970) यांत तर दोन-दोन मध्यंतरे आहेत. 2011 चा ‘धोबी घाट’ मुद्दाम मध्यंतराविना दाखविला गेला. पाश्चात्त्य चित्रपटांत मात्र अशी पाटी सहसा नसते, आणि चित्रगृहवाला एकूण वेळेस दोनाने भागून मोकळा होतो. हे भागाकाराचे काम नव्हे. 2023 साली 206 मिनिटांच्या ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’मध्ये परदेशांतील काही चित्रगृहांनी आपल्या मनाने मध्यंतर घातले, तेव्हा वितरकांनी हरकत घेतली. उलट 2024 च्या ‘द ब्रूटलिस्ट’मध्ये 15 मिनिटांचे मध्यंतर चित्रपटाचाच भाग म्हणून गुंफलेले आहे, तेथे यंत्रास थांबविण्याचे कारणच उरत नाही. उपाहारगृहाची विक्री मध्यंतरावर चालते हे आम्ही जाणतो, व त्यात गैर काही नाही. परंतु जागा निवडणाऱ्याने निदान एकदा चित्रपट आरंभापासून अखेरपर्यंत पाहावा, आणि जेथे प्रसंग संपून नवा सुरू होतो व पार्श्वसंगीत विरते अशी जागा अर्धी वेळ होण्याच्या आसपास शोधावी. चार-सहा मिनिटे इकडे-तिकडे झाल्याने चहा निवत नाही.

चित्रपटाची नवी आवृत्ती आली, पूर्वार्धातील एखादे दृश्य वगळले गेले, तर तिची यादीही नवी असते. जुने क्यू तिला डोळे मिटून लावू नयेत. मोजणी पुन्हा करावी. आणि हीच दक्षता समाप्तीच्या दिव्यांसही लागू आहे. आपल्या जिल्ह्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी करमाळा तालुक्यात चित्रित केलेला ‘सैराट’ (2016) अखेरीस निःशब्द होतो. लहानग्याची रक्ताळलेली पावले उमटत जातात आणि ध्वनी मुळीच नसतो. आवाज थांबला म्हणजे चित्रपट संपला असे मानून ज्याने क्यू लावला असेल, त्याचे दिवे त्या पावलांवर लागतील. म्हणून प्रत्येक क्यूच्या एक मिनिट अगोदरपासून एक मिनिट नंतरपर्यंतचा भाग, पहिल्या खेळापूर्वी, रिकाम्या सभागृहात बसून पाहून घ्यावा. मध्यंतराचे दोन क्यू व समाप्तीचा एक मिळून यास सहा मिनिटे लागतात.