बोअर मारायच्या आधी

बाळा, बोअरची गाडी दारात यायच्या आधी जरा ऐक. आपल्या किनवटकडची जमीन बाकीच्या मराठवाड्यासारखी नाही. तिकडे काळा कातळ, इकडे पुष्कळ ठिकाणी खाली ग्रॅनाइट. या खडकातल्या काही खनिजांत फ्लोराइड असतं. पाणी फटींत जितकी वर्षं मुरून राहील तितकं ते त्यात उतरतं. गाडीवाला ‘अजून शंभर फूट जाऊ’ म्हणेल. शेतासाठी जायचं तर जा, पण खोलातलं पाणी तपासल्याशिवाय माठात भरायचं नाही. परड्यातली जुनी विहीर बुजवणार म्हणे तू? बुजवू नको, गाळ काढ. तिच्यात दरसाल पावसाचं ताजं पाणी उतरतं. फ्लोराइडच्या बाबतीत ती बहुधा बोअरपेक्षा बरी निघते.

डाळ शिजली की पाणी चांगलं, असं घरोघरी म्हणतात. फ्लोराइडच्या बाबतीत हीच पारख दगा देते. अशा पाण्यात बहुतेकदा कॅल्शियम कमी आणि सोड्याचा अंश जास्त असतो. डाळ झकास शिजते, साबणाला फेस येतो, चवीला नाव ठेवायला जागा नाही. लोह त्यामानाने प्रामाणिक. हंडा काही वेळ ठेवला की तांबूस गाळ दाखवतं. फ्लोराइड काहीच दाखवत नाही. दाखवतात ते लेकरांचे दात: आधी खडूसारखे पांढरे पट्टे, मग तपकिरी. पक्के दात हिरडीत घडत असतात तेव्हाच, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, हे होऊन जातं. मग कितीही घासा, डाग जात नाहीत. मोठ्यांची मान-पाठ आखडते, उकिडवं बसवत नाही, आणि माणसं वात समजून तेल चोळत राहतात.

पाणी उकळून काही साधत नाही. जंतू मरतात, पण वाफ उडाल्यावर फ्लोराइड उलट दाट होतं. माठात तुरटी फिरवल्याने गढूळपणा बसतो, एवढंच. नागपूरच्या नीरीने तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत काढली, पण तिला मापात आणि बरीच तुरटी लागते. ते अंदाजाने करायचं काम नव्हे.

तपासणीला काचेची बाटली नको, फ्लोराइड काचेला लागतं. स्वच्छ प्लास्टिकची लिटरभराची घे. मोटर पाच-दहा मिनिटं चालू दे, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळ, मग भर. तारीख, गाव, बोअरची खोली वर लिही. एकदा मे महिन्यात, एकदा पावसाळा सरल्यावर. कागदावर फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमच्या आत असावं. दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. त्यावर गेलं तर ते पाणी धुण्या-भांड्याला.

नायट्रेटचा आकडाही बघ, 45 च्या आत हवा. तो खडकातून फारसा येत नाही. आपलाच उकिरडा, गोठा, शोषखड्डा आणि शेतातला युरिया. इथे मात्र उथळ विहिरीलाच धोका जास्त. तेव्हा उकिरडा आधी हलव, विहिरीच्या उताराच्या खाली ने. सूनबाईचं बाळ सहा महिन्यांचं होईस्तोवर अंगावरच पिऊ दे. या पाण्यात कालवलेली दुधाची पावडर नको, नायट्रेटने तान्ह्याचं अंग निळं पडतं.

मी गुरुवारी नांदेडला जातोय. दोन्ही बाटल्या, विहिरीची आणि शेजारच्या बोअरची, बुधवारी संध्याकाळी आणून दे. गाडीवाल्याला तोवर थांबव.