जुन्या व्हिडिओ खेळांतील मैत्रीची चढाओढ

चढाओढ हा शब्द उच्चारतांच कित्येक पालकांच्या कपाळाला आठी पडते, आणि त्याला 'व्हिडिओ गेम' ह्या शब्दांची जोड मिळाली म्हणजे मग बोलावयासच नको. मूल मोबाइल घेऊन बसलें कीं अभ्यास बुडाला, डोळे बिघडले व स्वभाव चिडखोर झाला, ही तक्रार आम्ही पालकसभेंत वारंवार ऐकतों. आणि ती सर्वस्वीं खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या खेळांची गोष्ट आज आम्ही सांगणार आहों ते खेळ निराळे, ते खेळणारांची रीत निराळी, आणि तींतून निघणारा धडा तर वर्गांत बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या उपयोगाचा आहे. म्हणून वाचकांनीं थोडा धीर धरून हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंति आहे.

सन १९८० च्या आगेमागे निघालेले व्हिडिओ खेळ जतन करून आजही आवडीनें खेळणाऱ्या लोकांच्या मंडळ्या अमेरिकेंत, युरोपांत व इतरत्र आहेत. त्यांत नोकरीधंदा करणारे प्रौढ स्त्रीपुरुष पुष्कळ असतात. ठराविक मुदतींत सर्वांनीं एकच खेळ खेळावयाचा आणि कोणाचे गुण अधिक होतात तें पाहावयाचें, असा त्यांचा परिपाठ असतो. अशा घरगुती चढाओढींत बहुधा पैशाचें बक्षीस नसतें. यादींत नांव दोन पायऱ्या वर चढलें, एवढाच काय तो लाभ! मग समंजस माणसें ह्या उद्योगांत इतका जीव कां ओततात? ह्याचें उत्तर मिळण्यासाठीं गुणांची ही यादी मुळांत कशी निघाली तें आधीं पाहिलें पाहिजे.

१९७८ सालीं जपानांतील टायटो कंपनींत तोमोहिरो निशिकादो ह्यांनीं 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ तयार केला. रांगा धरून खालीं उतरणाऱ्या परग्रहावरील शत्रूंवर खालून तोफ डागावयाची, असा तो खेळ. यंत्राच्या फटींत नाणें टाकावें आणि खेळावयास लागावें. ह्या खेळांत कायमचें जिंकण्याची सोयच नाहीं. एक टोळी संपली कीं दुसरी उतरते, आणि केव्हांना केव्हां खेळाडू हरतोच. मग त्यानें खेळावें कशासाठीं? तर पडद्याच्या माथ्यावर तोंवर झालेली सर्वांत मोठी गुणसंख्या झळकत असे, ती ओलांडण्यासाठीं! पुढल्याच वर्षीं, १९७९ सालीं, अमेरिकेंतील अटारी कंपनीचा 'ॲस्टेरॉइड्स' हा खेळ आला. अवकाशांतील धोंडे फोडीत आपलें यान वांचवावयाचें, असें त्याचें स्वरूप होतें. त्यांत मोठे गुण करणारास आपल्या नांवाचीं तीन अक्षरें यादींत लिहितां येत. ज्याचा चेहरा कधीं पाहिला नाहीं, अशा माणसाशीं तीन अक्षरांच्या ओळखीवर चढाओढ करण्याची ही नवी तऱ्हा मुलांस फार आवडली.

परंतु ह्या यादींत एक मोठी उणीव होती. वीज बंद होतांच ह्या यंत्रांची स्मृति पुसली जाई. रात्रीं दुकान बंद झालें कीं दिवसभराचा पराक्रमही गेला. शिवाय ॲस्टेरॉइड्सच्या पडद्यावर ९९,९९० पलीकडे गुण दाखविण्यास जागाच नव्हती. आणखी दहा गुण मिळाले कीं, मोटारींतील अंतर मोजणाऱ्या जुन्या चक्राप्रमाणें, आंकडा फिरून पुन्हां शून्यावर येई. अर्थात् ज्याला आपला उच्चांक टिकवावयाचा असेल, त्याला यंत्राबाहेर, माणसांमध्यें, साक्षीदार शोधावा लागे.

हें साक्षीचें काम अमेरिकेच्या आयोवा राज्यांतील वॉल्टर डे ह्या गृहस्थांनीं अंगावर घेतलें. १९८१ सालीं सुमारें चार महिन्यांत शंभराहून अधिक खेळघरें हिंडून त्यांनीं निरनिराळ्या यंत्रांवरील उच्चांक वहींत टिपून घेतले. त्याच वर्षीं १० नोव्हेंबर रोजीं त्यांनीं ऑटमवा ह्या गांवीं 'ट्विन गॅलेक्सीज' नांवाचें स्वतःचें खेळघर उघडलें, आणि ९ फेब्रुवारी १९८२ रोजीं साऱ्या देशाच्या उच्चांकांची यादी प्रसिद्ध केली. घरच्या टेलिव्हिजनला जोडावयाच्या खेळांसाठीं ॲक्टिव्हिजन कंपनीनें दुसरी युक्ति काढली. खेळाडूनें पडद्याचें छायाचित्र काढून टपालानें पाठवावें, आणि गुण ठरलेल्या मर्यादेवर असल्यास कंपनीनें त्याला अंगरख्यावर शिवावयाचा कापडी बिल्ला धाडावा, असा तो नियम. १९८२ च्या 'पिटफॉल' ह्या खेळांत ही मर्यादा २०,००० गुणांची होती.

त्याच वर्षींची एक गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते. नोव्हेंबर १९८२ मध्यें स्कॉट सॅफ्रन नांवाच्या पंधरा वर्षांच्या अमेरिकन मुलानें ॲस्टेरॉइड्समध्यें ४,१३,३६,४४० गुण मिळविले. आतां विद्यार्थ्यांनीं थोडें गणित करावें. एक लक्ष गुण झाले कीं आंकडा शून्यावर येतो. म्हणजे तो ४१३ वेळां शून्यावर आला असला पाहिजे, आणि पडद्यावर उरणार काय? तर केवळ ३६,४४०! बाकीचे चार कोटि तेरा लक्ष गुण यंत्राच्या आंकड्यांत नव्हतेच. ते होते जवळ बसून मोजणाऱ्या माणसांच्या साक्षींत. हा उच्चांक सत्तावीस वर्षें अबाधित राहिला. मध्यंतरीं त्या मुलाचा सत्कार करावा म्हणून ट्विन गॅलेक्सीजनें त्याचा पुष्कळ शोध केला. अखेर २००२ सालीं त्याच्या घरच्यांचा पत्ता लागला, तेव्हां कळलें कीं १९८९ सालींच एका अपघातांत तो वारला होता. त्याला द्रव्य मिळालें नाहीं, कीं आपला उच्चांक इतकीं वर्षें टिकल्याचें पाहण्याचें भाग्यही लाभलें नाहीं. पण इतरांनीं त्याचा आंकडा प्रामाणिकपणें जपला. एप्रिल २०१० मध्यें जॉन मकॲलिस्टर ह्यांनीं ४,१३,३८,७४० गुण करून तो ओलांडला. अधिक गुण किती? अवघे २,३००! मागें कोणीतरी खरा आंकडा लिहून ठेविला होता, म्हणूनच पुढच्याला खरी शर्यत करितां आली.

ह्याच्या उलट एक उदाहरण आहे. 'ड्रॅग्स्टर' हा ॲक्टिव्हिजनचा १९८० चा मोटारशर्यतीचा खेळ. त्यांत जितका वेळ कमी तितकी कामगिरी मोठी. १९८२ च्या सुमारास एका खेळाडूच्या नांवावर ५.५१ सेकंदांची नोंद झाली, आणि ती पस्तीस वर्षें यादीच्या माथ्यावर राहिली. पुढें जाणत्या लोकांनीं त्या खेळाची आंतील रचनाच उलगडून, शक्य त्या चाली संगणकावर तपासून पाहिल्या. तेव्हां असें दिसून आलें कीं, कितीही कौशल्य असलें तरी ५.५७ सेकंदांच्या आंत ती शर्यत पुरी होत नाहीं. जानेवारी २०१८ मध्यें ट्विन गॅलेक्सीजनें ती नोंद काढून टाकिली. आपली नोंद खरीच आहे, असें तो खेळाडू सांगत राहिला. त्याच्या अंतःकरणाचा न्याय आम्ही करीत नाहीं. पण मध्यंतरीं जे खेळाडू ५.५७ पर्यंत पोंचून आणखी पुढें जाण्यासाठीं धडपडले असतील, त्यांचा विचार करा. सर्वोत्तम कामगिरी हातीं आली असतांही आपण मागेंच आहों, असेंच त्यांस वाटलें असणार. खोटा आंकडा एकाला वर नेतो आणि मागून येणाऱ्या सर्वांची वाट चुकवितो. परीक्षेंत शेजाऱ्याच्या वहींत डोकावणारा विद्यार्थीही नेमकें हेंच करितो. आपले गुण पाहून शिक्षक धडा समजला असें मानतात व पुढें जातात. मागें राहतात ते त्याचेच सोबती.

आतां मैत्रीच्या चढाओढीची रीत पाहूं. पहिला नियम असा कीं, खेळ सर्वांसाठीं अगदीं सारखा असावा. अटारीच्या घरगुती यंत्रावर खेळ सोपा किंवा कठीण करण्याच्या कळा आहेत. त्या कोठें ठेवावयाच्या हें आधींच जाहीर करितात. दुसरा नियम मुदतीचा. आठवडा किंवा पंधरवडा ठरवून द्यावयाचा, आणि तेवढ्या काळांत कितीही वेळां प्रयत्न करून सर्वांत चांगला निकाल सादर करावयाचा. तिसरा नियम पुराव्याचा. पडद्याचें छायाचित्र किंवा साऱ्या खेळाचें चित्रण दाखवावयाचें. पण घरीं एकट्यानें खेळतांना छायाचित्राचा पुरावा तो किती? ज्याला फसवावयाचेंच आहे त्याला शंभर वाटा मोकळ्या आहेत. म्हणून चौथा नियम कोठें लिहिलेला नसतो, पण त्यावांचून पहिले तीन फुकट जातात. तो म्हणजे खेळाडूचा शब्द.

हा शब्द पाळला गेला म्हणजे एक नवल घडतें. जो पुढें आहे तो आपली युक्ति लपवीत नाहीं. अमुक ठिकाणीं थांबावें, अमुक शत्रू आधीं मारावा, असें तो मागच्यास आपण होऊन सांगतो. कारण दुसरा वर चढला तर त्याचें स्वतःचें कांहींच बुडत नाहीं. उलट त्याला खेळण्यास नवा हुरूप येतो. यादींत शेवटीं असलेला नवखाही निराश होत नाहीं. गेल्या खेपेस आपले दोन हजार होते, आतां तीन हजार झाले, हें त्याला पुरतें. आणि बाकीचेही त्याचें अभिनंदन करितात.

अशा चढाओढीनें ज्ञान कसें वाढतें, ह्याचा एक दाखला 'डाँकी काँग' ह्या खेळांत आहे. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा हा खेळ १९८१ सालीं शिगेरु मियामोतो ह्यांनीं रचिला. ह्यांत प्रत्येक पातळीस किती वेळ द्यावयाचा हें यंत्र हिशेब करून ठरवितें. पातळीच्या अंकांत चार मिळवून दहांनीं गुणावयाचें, आणि फार मोठें उत्तर आल्यास ८० धरावयाचें. पहिल्या पातळीस उत्तर ५० येतें, आणि पडद्यावर ५,००० हा आंकडा उतरूं लागतो. बाविसाव्या पातळीस उत्तर २६० यावयास पाहिजे; पण त्या यंत्राच्या एका घरांत २५५ पेक्षां मोठी संख्या मावत नाहीं. २५६ गळून पडतात आणि उरतात चार. ८,००० च्या जागीं फक्त ४०० दिसतात, आणि ती चढण पुरी होण्यापूर्वींच वेळ संपून खेळाडू मरतो. म्हणजे येथें सर्वांचा मार्ग एकाच ठिकाणीं संपतो. जास्त दिवस जगून जास्त गुण मिळवितां येत नाहींत. जेवढी वाट आहे तेवढींतच अधिक वेंचावयाचें. ह्याच खेळासाठीं वॉशिंग्टन राज्यांतील स्टीव्ह वीबी ह्या शाळामास्तरांनीं केलेली खटपट २००७ च्या 'द किंग ऑफ काँग' ह्या चित्रपटांत दाखविली आहे. त्या काळीं दहा लक्ष गुण म्हणजे मोठें शिखर वाटे. पुढें खेळाडूंनीं एकमेकांचे खेळ बारकाईनें पाहून नव्या युक्त्या शोधिल्या, आणि २०१६ सालीं वेस कोपलंड ह्यांनीं १२,१८,००० गुण केले. तोही आंकडा पुढें ओलांडला गेला. यंत्र तेंच, वाट तीच. वाढली ती माणसांची समज.

पालकांच्या समाधानासाठीं दोन शब्द स्पष्ट सांगणें अवश्य आहे. वर सांगितलेले ॲस्टेरॉइड्सचे उच्चांक दोन दिवसांहून अधिक काळ खेळून झालेले आहेत. झोंप मोडून असा खेळ करणें मुलांस मुळींच योग्य नव्हे, आणि आम्ही त्याची शिफारस करीत नाहीं. तसेंच पैसे लावून खेळणें ही चढाओढ नव्हे, तो जुगार होय. ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांस मनाई करणारा कायदा मंजूर केला, तो योग्यच झाला. मूल खेळतें कीं नाहीं एवढेंच न पाहतां, तें किती वेळ खेळतें, हरल्यावर कसें वागतें, आणि आपले गुण खरे सांगतें कीं नाहीं, हेंही पालकांनीं पाहावें.

विद्यार्थ्यांनीं ही रीत व्हिडिओ खेळांतच पाळावी असें नाहीं. पाढे, शुद्धलेखन, दोरीवरच्या उड्या, कशाचीही पंधरा दिवसांची चढाओढ मांडावी. एक वही करावी. तींत तारीख, गुण व साक्षीदाराची सही असावी. जो पुढें जाईल त्यानें आपली युक्ति मागच्यास शिकवावी. आणि जेथें साक्षीदार नसेल तेथें स्वतःच्या हातानें, आहे तोच आंकडा लिहावा.

संत पौलानें करिंथकरांस लिहितांना शर्यतींत धावणाऱ्यांचा दाखला दिला आहे. लवकर कोमेजणाऱ्या मुगुटासाठीं जर मनुष्य इतका संयम राखतो, तर मोठ्या गोष्टींसाठीं त्यानें किती राखावा, असा त्याचा रोंख आहे. पडद्यावरचे गुण तर त्या मुगुटाहूनही क्षणभंगुर. वीज गेली कीं गेले! पण ते लिहून घेतांना ज्या मुलानें आपला शब्द राखिला, त्याच्याजवळ वीज गेल्यावरही कांहीं उरतें. तें आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पदरीं असावें, अशी आमची इच्छा आहे.