पॉवर स्प्रेअरच्या इंजिनाची शीतकरण व्यवस्था आणि तिची सुरक्षित निगा

पाठीवरच्या पॉवर स्प्रेअरला रेडिएटर नसतो. त्याचे पेट्रोल इंजिन केवळ हवेवर थंड होते. पंखा आवरणाखालून हवा ढकलतो आणि ती सिलिंडरभोवतीच्या फिन्समधून, म्हणजे पातळ धातूच्या पात्यांमधून, वाहते. या अरुंद फटींत धूळ, पाल्याचा चुरा, ऑइलचा ओशटपणा आणि फवाऱ्याचे उलटलेले थेंब साचून घट्ट थर बनतो. द्रावणात स्टिकर असल्यास तो अधिकच चिवट होतो व उष्णतेची वाट अडते.

सुरू करताना उत्तम चालणारे इंजिन काही वेळाने मंदावते, बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा चालू होते, ही अतितापाची ओळखीची खूण आहे. याचा परिणाम यंत्रापुरता राहत नाही. इंजिनाचे फेरे घटले की हवेचा झोत क्षीण होतो, थेंब मोठे पडतात आणि पानाच्या खालच्या बाजूस पोहोचत नाहीत. पांढऱ्या माशीची पिल्ले नेमकी तेथेच असतात. कीड टिकून राहिली की दोष औषधाला दिला जातो, आणि पुढच्या वेळी मात्रा वाढवली जाते!

फिन्समधला थर हा साधा मळ नव्हे. त्यात कीटकनाशकाचा अंश असतो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यानंतर हातमोजे व मुखपट्टीचा आग्रह वाढला, तरी यंत्र साफ करताना ही साधने बहुधा बाजूला पडलेली असतात. वास्तविक सुकलेला थर खरवडताना उडणारी धूळ थेट श्वासात जाते. म्हणून सफाई हेही फवारणीचेच काम समजावे: हातमोजे, मुखपट्टी व चश्मा घालून, उघड्यावर, मुले व जनावरे दूर ठेवून ते करावे.

इंजिन पूर्ण निवू द्यावे. चुकून ते सुरू होऊ नये म्हणून स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी. आवरण उतरवून फिन्सवरील थर ओलसर फडक्याने भिजवावा, म्हणजे धूळ उडत नाही. मग मऊ ब्रशने व बांबूच्या काडीने तो काढावा. स्क्रूड्रायव्हरने फिन वाकतात, तर पाण्याच्या जोरदार झोताने पाणी प्लग व कार्ब्युरेटरपर्यंत शिरते. वापरलेले फडके स्वयंपाकघरात वा अन्य घरकामात पुन्हा येऊ देऊ नये.

आवरण परत बसवणे हा कामाचा अत्यावश्यक भाग आहे. ते काढून टाकल्यास इंजिनाला मोकळी हवा मिळेल, असा समज गावोगावी आढळतो. प्रत्यक्षात आवरणाविना हवा फिन्समधून न जाता बाजूने निसटते आणि इंजिन अधिकच तापते.

दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमधील ऑइलच वंगणाचे काम करते. त्याचे प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेनुसारच ठेवावे. अंदाजाने कमी केलेले ऑइल पिस्टन जाम करू शकते. टाकी भरताना यंत्र पाठीवरून उतरवावे आणि इंजिन निवेपर्यंत थांबावे, कारण तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेले पेट्रोल पेट घेते. सफाईचे पाणी विहीर, ओढा वा गुरांच्या पाणवठ्याजवळ न सांडता पडीक जागेत जिरवावे.