पाण्याखालचा हिशेब

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या भोपाळात पाणबुड्यांचे काय काम, असा प्रश्न वाचकाला पडेल. परंतु भोपाळ हे तलावांचे शहर आहे. तेथील मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधला, अशी परंपरा आहे. त्याला लागूनच छोटा तलाव आहे. या छोट्या तलावात, खटलापुरा घाटापाशी, १३ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे गणेशविसर्जनाच्या वेळी होडी उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी पाण्यात उतरणाऱ्याला नुसते धाडस पुरत नाही, शिक्षण लागते. ते शिक्षण म्हणजे मुख्यतः एक हिशेब आहे, म्हणून वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असूनही मी हा विषय निवडला.

जमा आणि खर्च

पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारण्याच्या पद्धतीला स्कूबा म्हणतात. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी यासाठी एक झडप तयार केली. बाहेरच्या पाण्याचा जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा ती तोंडाशी देते.

पाण्यात दर १० मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, ३० मीटरवर चौपट. १२ लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने हवा भरली, तर जमा २,४०० लिटर. त्यातील ५० बार, म्हणजे ६०० लिटर, ही गंगाजळी. तिला हात लावायचा नाही. उरले १,८०० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरले, तर ही शिल्लक ९० मिनिटे पुरेल. १० मीटरवर तीच ४५ मिनिटे, आणि ३० मीटरवर जेमतेम २२ मिनिटे पुरते. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेतो आणि हा हिशेबही कोलमडतो.

वर येताना उलटे घडते. १० मीटरवर छाती भरून घेतलेली हवा पृष्ठभागापर्यंत दुप्पट फुगते. श्वास कोंडून वर आल्यास फुप्फुस फाटू शकते. अवघ्या दीड मीटर खोलीवरूनही हे होऊ शकते. म्हणून मत्स्यालयाच्या टाकीत उतरून काच पुसणाऱ्या किंवा माशांना चारा घालणाऱ्या पाणबुड्यालाही पहिला नियम हाच शिकवतात: श्वास कधीही रोखू नये.

नत्रवायूचे कर्ज

दाबाखाली श्वास घेताना हवेतील नत्रवायू रक्तात व स्नायूंत विरघळत राहतो. हे एक प्रकारचे कर्जच होय. ते हप्त्याहप्त्याने फेडावे लागते. एकदम वर आल्यास सोड्याची बाटली उघडावी तसे अंगात बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, कधी पक्षाघातही होतो. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आज मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये आणि ५ मीटरवर ३ मिनिटे थांबावे, असे शिकवतात.

कोष्टके साधारणपणे समुद्रसपाटी धरून केलेली असतात. भोपाळचा मोठा तलाव पूर्ण भरला म्हणजे त्याची पातळी १६६६.८० फूट, म्हणजे सुमारे ५०८ मीटर उंचीवर असते. तेथे हवेचा दाबच कमी असतो. ३०० मीटरच्या वर कोष्टकात दुरुस्ती करावी, असा प्रघात आहे. तलाव फार खोल नसला, तरी हे ठाऊक असायला हवे.

आपल्याकडेही हाच मुद्दा वेगळ्या रीतीने येतो. मालवणला किंवा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटापाशी बुडी मारून मंडळी त्याच दिवशी घाट चढतात. आंबोली सुमारे ७०० मीटर उंच आहे. उथळ पाण्यातील एका छोट्या बुडीनंतर धोका अल्प असतो. पण वारंवार खोल बुड्या मारणाऱ्याने पुरेसा काळ थांबूनच घाट चढावा. विमानप्रवासासाठी तर एका बुडीनंतर १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबण्याचा नियम सांगतात.

शिक्षण कशाचे?

सहलीतील अर्ध्या तासाच्या बुडीत प्रशिक्षक आपल्याला धरून असतो. ती करमणूक झाली. खरा प्राथमिक अभ्यासक्रम वर्ग, तरणतलाव आणि मोकळे पाणी अशा तीन पायऱ्यांचा असतो, आणि तो पुरा करणाऱ्याला १८ मीटरची मर्यादा असते. चष्म्यात शिरलेले पाणी काढणे, टाकी संपल्यास जोडीदाराच्या हवेवर वर येणे, या गोष्टी विचार न करता जमेपर्यंत करून घेतात. बुडालेल्यांचा शोध घेण्याचे काम त्याहून पुढचे. गढूळ तलावात हातभर अंतरावरचेही दिसत नाही. तेथे काठावरच्या सहकाऱ्याच्या हातातील दोर आणि त्यावरील ठरलेले हिसके, हीच भाषा.

मात्र पाणबुडा कितीही तरबेज असला, तरी तो पोहोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. खटलापुऱ्याला होडीत बसलेल्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. प्रत्येक विसर्जनघाटावर आधी जाकिटे आणि मग शिकलेले पाणबुडे, हा क्रम पाळला तर पुष्कळ जीव वाचतील.