दामोदरचा महापूर : कारणे आणि परिणाम

जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीने बंगालमधील बरद्वानजवळ डाव्या काठाचा बांध फोडला. ईस्ट इंडियन रेल्वेचा लोहमार्ग व ग्रँड ट्रंक रोड पाण्यात गेले. जपानी सैन्य ब्रह्मदेशात असताना कलकत्त्याचा उत्तर भारताशी संबंध तुटला. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मरत होती. सरकारने या नदीचा गांभीर्याने विचार केला तो मात्र रेल्वे थांबल्यावर.

दामोदर छोटानागपूरच्या पठारावर उगम पावते. तीव्र उतारावरून वेगाने आलेले पाणी बंगालच्या सपाटीवर पसरते आणि तेथे पात्र उलट अरुंद होत जाते. जंगलतोडीमुळे माती वाहून येऊन पात्र गाळाने भरले. परंतु सर्व दोष निसर्गाचा नव्हे. १८५५ मध्ये राणीगंजच्या कोळसाखाणींपर्यंत रेल्वे पोहोचली. तिच्या रक्षणासाठी डावा बांध भक्कम राखला गेला, तर उजव्या काठावरील बांधांचा काही भाग सरकारनेच काढून टाकला. कोणाची शेती बुडावी, हे कचेरीत ठरले होते.

पुरानंतर बरद्वानच्या महाराजांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. शास्त्रज्ञ मेघनाद साहा तिचे सदस्य होते. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याप्रमाणे संपूर्ण खोऱ्याचा एकत्र विचार करावा, असे तिने सुचविले. त्या वेळी बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि सिंचन व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. (आपल्या पाठ्यपुस्तकांत या कार्याला क्वचितच ओळ मिळते.) ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बंगाल, बिहार व केंद्राच्या प्रतिनिधींची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. पूरनियंत्रण, सिंचन, वीज व जलवाहतूक या साऱ्यांसाठी एकच योजना असावी, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी कटक येथे त्यांनी सांगितले की पाणी ही संपत्ती आहे. ते बांध घालून समुद्राकडे हाकलण्यापेक्षा साठवावे.

१९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. तिलैया (१९५३), कोनार (१९५५), मैथन (१९५७) व पंचेत (१९५९) ही धरणे उभी राहिली. मूळ आराखड्यात याहून अधिक धरणे होती. पुरांचा जोर ओसरला, तरी १९७८ मध्ये खालचे खोरे पुन्हा बुडाले. वीज कारखान्यांना मिळाली, पाणी बंगालच्या भातशेतीला. जलाशयांखाली गेलेल्या गावांत संथाळांची अनेक गावे होती. मोबदला व नोकरीसाठी तेथील कुटुंबांना पुढे दशकानुदशके झगडावे लागले.